उजवा खांदा

शहागंजच्या गिरणीतून नजमुन्निसा खाला बाहेर आल्या तेव्हा पिठाचा डबा त्यांच्या डाव्या कमरेवर होता. हे आधी लिहून ठेवते, कारण नंतर मला स्वतःचाच भरवसा वाटेना. मी रस्त्याच्या या बाजूला स्कूटी लावून पेरू घेत होते. त्यांनी मला पाहिलं आणि गिरणीच्या पायरीवरच थांबल्या. मग डबा दोन्ही हातांनी वर घेतला, उजव्या खांद्यावर ठेवला, उजव्या हातानं वरून धरला आणि एक रिक्षा जाऊ देऊन रस्ता ओलांडून थेट माझ्यासमोर आल्या. "सलाम मॅडम," म्हणाल्या, "आता काय बी दुखत नाही. बघा." दहा किलोचा तरी डबा असेल. त्या हसल्या, आणि डबा तसाच खांद्यावर ठेवून गल्लीत वळल्या. पेरूवाल्यानं दोनदा विचारलं, मीठ लावू का. मी चेहरे वाचायला शिकले आहे. भुवया जवळ येतात का, डोळ्यांच्या कडा आवळतात का, वरचा ओठ उचलला जातो का, हे मी तीन सेकंदांत टिपू शकते. खालांच्या चेहऱ्यावर यातलं काही नव्हतं. तो इतका मोकळा होता की इतका मोकळा चेहरा मुद्दाम करावा लागतो. जानेवारीत तोच हात अडुसष्ट अंशांवर अडत होता. कोनमापक मीच धरला होता. आणि तेव्हा त्या मला बेटा म्हणत होत्या.

आमच्या रुग्णालयात वेदनेचा एक छोटा विभाग आहे. दोन खोल्या, सर आणि मी. बी.एस्सी. झाल्यावर संशोधन सहायक म्हणून मी इथं लागले, त्याला आता दोन वर्षं होतील. आमच्याकडे येणारी माणसं तीन महिन्यांहून जुनी दुखणी घेऊन येतात, आणि सोबत प्लास्टिकच्या पिशवीत एक्सरे. बहुतेक एक्सरे नॉर्मल असतात. आम्ही ते उजेडासमोर धरतो आणि म्हणतो, काही नाही यात. ते आनंदानं सांगायचं वाक्य आहे असं मला पहिले काही महिने वाटत होतं. सर समजावून सांगतात ते असं, की दुखापत बरी होते पण मज्जारज्जू ती शिकून बसतो. मग साधा स्पर्शसुद्धा तो दुखण्यासारखा वर मेंदूला कळवतो, आणि मेंदूही तो निरोप थोपवायचं विसरतो. झोप नसली, घरात काळजी असली, आपल्या दुखण्यावर कुणाचा विश्वास नसला, की हा धडा आणखी पक्का होतो. हे शेवटचं वाक्य मी कितीतरी रुग्णांना म्हणून दाखवलं आहे. तोंडपाठ होतं. तोंडपाठ असलेल्या गोष्टीकडे आपण पुन्हा बघत नाही.

या वर्षी, म्हणजे २०१४ च्या सुरुवातीला, आमचा अभ्यास चालू होता. साठ रुग्ण. प्रत्येकाच्या दुखऱ्या जागेवर दोन चिकट पट्ट्या लावायच्या, त्या वायरीनं एका लहान डब्बीला जोडायच्या, वीस मिनिटं, दर मंगळवारी, सहा आठवडे. तीस डब्ब्यांतून हलका करंट जायचा. उरलेल्या तीस डब्ब्यांत हिरवा दिवा लागायचा, पण करंट नव्हता. कुठली कुठली ते आम्हालाही माहीत नव्हतं, चिठ्ठ्या बंद पाकिटांत होत्या. रुग्णांना सुरुवातीलाच सांगितलं होतं की यंत्र कुठल्याही प्रकारचं निघू शकतं, कुणाला मुंग्या येतील, कुणाला येणार नाहीत. त्यांनी सह्या केल्या, अंगठे दिले. सरांची एक गोष्ट फार कडक होती. वीस मिनिटं रुग्णाजवळ बसायचं ते कोऱ्या चेहऱ्यानं. आपल्या चेहऱ्यावरून माणूस ओळखतो की समोरच्याला काय ऐकायचंय, आणि तसंच सांगतो. मी खोलीवर आरशासमोर बसून कोरा चेहरा करायचा सराव केला होता. मला तो चांगला जमतो.

खाला एक्केचाळीसाव्या रुग्ण. वयाच्या रकान्यापाशी अडलो. "पुलिस ॲक्शनच्या नंतरचं दुसरं साल," त्या म्हणाल्या, "गहू काढणीला आलता. आमची अम्मी सांगायची." मी १९५० लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. तर त्यांना ते प्रश्नचिन्ह दिसलं. "का बेटा, जन्मले का नाही याची बी शंका हाय का?" असं म्हणून त्या हसायला लागल्या. चाळीस वर्षं त्यांनी हिमरू शाली विणणाऱ्या एका कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या होत्या. उजव्या हातानं चरखा, डाव्या हातात धागा. मालकानं कारखाना बंद केल्यावर दोन वर्षांनी खांदा दुखायला लागला, म्हणजे काम सुटल्यावर. त्यामुळे घरात सगळ्यांना ते खरं वाटेना. काम होतं तेव्हा दुखलं नाही आणि आता बसून दुखतं कसं? मुलगा आखाती देशात ड्रायव्हर, तो फोनवर म्हणायचा, अम्मी, वय झालं. घरात त्या आणि सून शकीला. शकीला शेंद्र्याच्या एका कंपनीत पॅकिंगला होती आणि दर मंगळवारी खाडा करून सासूबरोबर यायची. ती कधी बसली नाही. खुर्ची रिकामी असायची, पण ती दाराजवळच्या भिंतीला टेकून, दोन्ही हात कमरेमागे घेऊन वीस मिनिटं उभी राहायची आणि मध्येच घड्याळ बघायची. आमच्या फॉर्मवर 'सोबतच्या व्यक्तीचं सहकार्य' असा रकाना आहे. त्यात मी लिहिलं, कमी.

पहिल्या मंगळवारी खालांनी शून्य ते दहापैकी आठ सांगितले. तिसऱ्या मंगळवारी पाच. सहाव्याला तीन, आणि हात एकशे चार अंशांपर्यंत गेला. मध्ये एकदा, चौथ्या आठवड्यात असेल, शकीला पाणी प्यायला बाहेर गेली तेव्हा त्या हळूच म्हणाल्या होत्या, "मशीन लागल्यापासून सून डबा उचलू देत नाही. पाण्याचा दिवस असला की हंडे तीच भरती. म्हणती, दवाखान्यातून मशीन लावलंय म्हणजे तुमचं खरंच दुखत असणार." मी कोऱ्या चेहऱ्यानं मान हलवली. फॉर्मवर याला रकाना नव्हता म्हणून लिहिलं नाही. आज विचार करते तेव्हा वाटतं, खालांचं दुखणं आठावरून तीनवर आणणारं काही असेल तर ते त्या वाक्यात होतं. सहा आठवडे त्यांच्यावर घरात कुणीतरी विश्वास ठेवत होतं. मी तो घटक मोजला नाही. मी हिरवा दिवा लागतोय का ते बघत होते.

अभ्यास संपला की पाकीट रुग्णासमोर फोडायचं आणि काय होतं ते सांगायचं, असा नियम होता. चांगला नियम आहे. माणसाला त्याच्या शरीराबद्दल अंधारात ठेवू नये, असं मला अजूनही वाटतं. मार्चचा शेवटचा मंगळवार होता. खाला खुर्चीत, शकीला भिंतीशी. मी पाकीट फोडलं. चिठ्ठीवर 'ब' होतं. मी म्हणाले, "खाला, आपकी मशीन में करंट था ही नहीं. फिर भी आपको आराम पड़ा." बस, इतकंच. हे वाक्य त्यानंतर मी कितीतरी वेळा तपासलं आहे. एकही शब्द खोटा नाही. शकीलानं विचारलं, "मतलब, कुछ नहीं था?" मी म्हणाले, "मशीन में कुछ नहीं था." "और अम्मी को आराम पड़ा?" "हाँ." शकीलानं सासूकडे पाहिलं. खाला बुरख्याचं बटण लावत होत्या, ते लागत नव्हतं. आता खरं यंत्र सहा आठवडे मोफत मिळेल, असं मी सांगितलं. "विचार करून सांगते," त्या म्हणाल्या, बटणाकडे बघतच. आल्या नाहीत. मी तीनदा फोन केला. दोनदा कुणी उचलला नाही. तिसऱ्यांदा शकीला म्हणाली, "अम्मी को कुछ नहीं है मॅडम. आपने ही तो बोला." मी फॉर्मवर लिहिलं, पाठपुरावा होऊ शकला नाही. पुढे एका परिषदेत सरांनी एक्केचाळीस नंबरचा आलेख पडद्यावर दाखवला तेव्हा सभागृहातली माणसं पुढे सरकून बघत होती. तो खरोखरच देखणा आलेख आहे. पायऱ्या उतरल्यासारखा.

पेरू मी घरी नेलेच नाहीत, स्कूटीच्या डिकीत राहिले आणि चार दिवसांनी वास यायला लागला. ते चार दिवस मी कामावर जात होते, कोरा चेहरा करून रुग्णांजवळ बसत होते, आणि मला सारखी चतुराबाई आत्या आठवत होती. ती आमच्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर करमाडला आमच्याच घरात राहिली. तिचं सगळं अंग दुखायचं आणि ती उठताना कण्हायची. त्या कण्हण्याचे तीन टप्पे होते. हात जमिनीला टेकले की 'आई गं', गुडघा उचलला की एक लांब हुंकार, आणि उभी राहिली की 'माय माझे', हे जरा सुटल्यासारखं. मी आठ वर्षांची होते, कान चांगला होता, आणि मला ते हुबेहूब यायचं. चुलतबहिणीच्या साखरपुड्याला घर भरलं होतं. आप्पासाहेब, म्हणजे आमचे वडील, पाहुण्यांत बसून म्हणाले, "दाखव गं, आत्या कशी उठती." मी दाखवलं. तिन्ही टप्पे. एक पाहुणे हसता हसता चहा सांडून बसले. "लई बेरकी हाय पोरगी," म्हणाले. आत्या सगळ्यांत जास्त हसली, तोंडाला पदर लावून. आणि दुसऱ्या दिवसापासून ती आवाज न करता उठायला लागली. मी आईला सांगितलं, आत्याचं दुखणं गेलं. मला खरंच तसं वाटलं होतं. पुढे आत्या वारली आणि तिचं अंथरूण हलवलं तेव्हा भिंतीवर, हाताच्या उंचीला, एक तेलकट काळा डाग दिसला. तळव्याएवढा. सात वर्षं ती रोज तिथं हात रेटून उठली होती. मला आवाज थांबल्याचं तेवढं कळलं होतं.

पाचव्या दिवशी, शकीलाची सुट्टी असते त्या दिवशी, मी गेले. पत्ता फॉर्मवर होता, रोशनगेटच्या अलीकडची गल्ली. पिशवीत करंटवालं यंत्र घेतलं होतं, आणि डोक्यात तयार केलेली वाक्यं होती, या वेळी नीट तपासलेली. दार शकीलानं उघडलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. "अब कौन सा मशीन लाए, मॅडम? करंट वाला या बिना करंट का?" मी म्हणाले, "खालांना भेटायचंय." "भेटो ना. अम्मी एकदम फिट हैं. तुम्हारे से भी जास्ती." आत खाला परातीत कणीक मळत होत्या, उजव्या हातानं. मुठीनं दाबायच्या, दुमडायच्या, पुन्हा दाबायच्या. मला बघून हात थांबला नाही, उलट जोर वाढला. "या मॅडम. बसा. चहा घेणार ना?" मी सतरंजीवर बसले. पिशवी मांडीवर ठेवली. वाटलं, ही पिशवी आणायला नको होती.

मी सुरुवात केली. म्हणाले, खाला, त्या दिवशी मी अर्धंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला कशाला सांगता? माझं मला ठाव हाय. तिला सांगा." आणि ओल्या हातानंच शकीलाकडे बोट केलं. मग मी शकीलाला सांगितलं. माझं हिंदी मध्येच मराठी होत होतं, पण तिला दोन्ही येतं. सांगितलं की यंत्रात करंट नव्हता, पण आराम खरा होता. आपली काळजी घेतली जातेय असं वाटलं की शरीर स्वतःच दुखणं थोपवणारं द्रव्य सोडतं, अफूसारखं. त्या द्रव्याला अडवणारं औषध टोचलं तर असा आराम कमी होतो किंवा जातोच, हे कुणीतरी प्रयोग करून दाखवलंय. म्हणजे जे खोटं होतं ते यंत्र. दुखणं खोटं असतं तर शरीराला थोपवायला काही नसतंच. मी हळूहळू, नीट सांगत होते. शकीला भिंतीला टेकून उभी होती, हात कमरेमागे. माझं झाल्यावर म्हणाली, "तो अम्मी झूठ नहीं बोल रहे थे."

"नाही."

"नाटक भी नहीं."

"नाही, शकीला. अजिबात नाही."

"फिर आप हँसे काय को?"

मला वाटलं, तिचा काहीतरी घोटाळा होतोय. मी म्हणणारच होते, मी नाही हसले, आमच्याकडे हसायचं नसतं, सहा आठवडे मी चेहरा... आणि मग आठवलं. चिठ्ठी उघडली. 'ब' दिसलं. आठ, पाच, तीन, एकशे चार, सगळं एका क्षणात डोक्यात लागून आलं, आणि सहा आठवडे धरून ठेवलेला चेहरा सुटला. मी हसले होते. मोठ्यानं नाही, पण दात दिसतील इतकं, आणि ते वाक्य त्या हसण्यातूनच म्हणाले होते. कितीतरी वेळा मी त्या वाक्याचे शब्द तपासले होते आणि ते म्हणणारं तोंड एकदाही पाहिलं नव्हतं. साखरपुड्याच्या घरातला सांडलेल्या चहाचा वास आला, इतका स्पष्ट की मी खाली सतरंजीकडे पाहिलं.

"हो," मी म्हणाले. "हसले. खालांना नाही हसले. आमचं काम बरोबर आलं म्हणून..."

"किसी पे भी हँसे. हँसे ना?" ती चिडून बोलत नव्हती, ते जास्त वाईट होतं. "मैं सोची, मॅडम पढ़ी-लिखी हैं. हँस रही हैं तो कुछ समझ के हँस रही होंगी. घर आके मैं भी हँसी. मोहल्ले में भी बोली. अम्मी की मशीन में करंटच नहीं था कहते, और अम्मी उछल के चलने लगी. सब हँसे." तिनं परातीकडे पाहिलं. "उस दिन से अम्मी मेरे को डबा उठाने नहीं देते."

परातीतला हात थांबला होता. "बस कर, शकीला," खाला म्हणाल्या. "मेहमान हाय."

मला म्हणायचं होतं की माझी चूक झाली. ते मी म्हणाले. पण ते खूप लहान वाटलं, फॉर्मवरच्या एखाद्या रकान्यात मावेल इतकं. शकीलानं कमरेमागचे हात काढले, पाय बदलला, आणि तेव्हा तिच्या डोळ्यांच्या कडा आवळल्या. अर्धा सेकंद. मी सहा मंगळवार ती मुद्रा समोर असताना तिला कंटाळा समजले होते. "शकीला, तुमची कंबर..." मी म्हणाले.

"आता विचारता?" ती पहिल्यांदाच माझ्याशी सरळ मराठीत बोलली. "आठ तास उभं राहते मी लाइनवर. तुमच्याकडची खुर्ची लई खोल. बसलं की उठता येत नाही. म्हणून उभी राहायची." सासूकडे न बघता पुढे म्हणाली, "अम्मी को भी नहीं बोली. घर में एक जनी का दुखना बहुत है."

खालांनी तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग हात धुतले, पदराला पुसले. "चहा करते," म्हणाल्या. कप वरच्या फळीवर होते. मी पाहत होते. मला वाटलं, आता त्या उजवा हात वर नेतील आणि चेहरा तसाच मोकळा ठेवतील, आणि ते मला इथं बसून बघावं लागेल. त्यांनी उजवाच हात उचलला. छातीपर्यंत आला, खांद्यापर्यंत आला, आणि तिथं अडला. सत्तर अंश असतील, किंवा कमी. भुवया जवळ आल्या. "या अल्ला," त्या म्हणाल्या, आणि मग दातांतून एक लांब आवाज आला, त्याला शब्द नव्हता, आणि हात खाली आल्यावर, "हाय, मेरी माँ." मोठ्यानं. शेजारच्या घरात ऐकू जावं इतक्या मोठ्यानं.

शकीला माझ्याकडे बघत होती. कपांकडे नाही, सासूकडे नाही, माझ्या तोंडाकडे. कोरा चेहरा मला येतो, पण तो इथं चालणार नव्हता हे मला कळत होतं, आणि दुसरा कुठला करायचा ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी मान खाली घातली नाही. जसा होता तसा चेहरा तिला बघू दिला. मग ती भिंतीपासून सुटली, कमरेला हात लावत फळीपाशी गेली आणि तीन कप खाली काढले.

"बैठो अम्मी," ती म्हणाली.